घरात ‘अहो’, गाण्यात ‘का रे’

कोल्हापूर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझी गाण्यांची यादी मिळाली. रिसेप्शनला जेवणं चालू असताना लावायला ‘तुमच्या वेळची’ चार-पाच प्रेमगीतं हवीत म्हणालीस, आणि ती मला का आवडतात हेही लिही म्हणालीस. नावं फोनवर सांगून मोकळी झाले असते. ‘का’चं उत्तर फोनवर जमेना, मध्येच कुकरच्या शिट्ट्या होतात. म्हणून हे पत्र.

आधी काय लावू नका ते सांगते, कारण ते सोपं आहे. ‘भातुकलीच्या खेळामधली राजा आणिक राणी’ लावू नका. पाडगावकरांचे शब्द, यशवंत देवांची चाल आणि अरुण दात्यांचा आवाज. ऐकताना अंगावर शाल पांघरल्यासारखं वाटतं. पण त्यात राजा-राणीचा डाव अर्ध्यावर मोडतो गं! चाल एवढी गोड आहे की शब्दांकडे कुणाचं लक्षच जात नाही. मी हे गाणं चक्क एका लग्नाच्या पंगतीत ऐकलंय. इकडे जिलबीचा आग्रह चाललाय आणि तिकडे स्पीकरवर अधुरी कहाणी.

असंच दुसरं ‘तोच चंद्रमा नभात’. आपल्या गच्चीवर कोजागिरीला दूध आटेपर्यंत कुणीतरी ते म्हणतंच. चंद्र आहे ना, मग झालं. खरं तर गाण्यातली रात्र चैत्रातली, आश्विनातली नव्हेच. आणि गाणारा सांगतोय काय, तर चंद्र तोच, रात्र तीच, तूही तीच, माझ्याजवळ बसलेलीस, फक्त पूर्वीचं ते काही उरलेलं नाही. हे ऐकून आपण एकमेकांना केशर-पिस्त्याचे पेले देतो!

आता माझ्यातली संस्कृतची बाई गप्प बसणार नाही, दोन मिनिटं सोस. हे गाणं शांता शेळक्यांना ज्या जुन्या श्लोकावरून सुचलं तो शीलाभट्टारिका नावाच्या कवयित्रीचा म्हणून सांगतात: ‘यः कौमारहरः’. मूळ श्लोकात बाई बोलते. ज्यानं माझं कौमार्य हरलं तोच आज माझा नवरा आहे, त्याच चैत्राच्या रात्री आहेत, मालतीच्या वासाचा तोच वारा आहे, मीही तीच आहे, तरी मन मात्र रेवेच्या काठावर, त्या वेतसीच्या झाडाखाली धाव घेतंय. रेवा म्हणजे आपली नर्मदा. मम्मट नावाच्या जुन्या काव्यशास्त्रकारानं ‘काव्यप्रकाश’ या आपल्या ग्रंथात काव्याची व्याख्या करताना हाच श्लोक घेतला आणि म्हटलं, यात ठळक असा एकही अलंकार नाही, तरी हे काव्य आहे. मुलींना शिकवताना मी इथे हटकून थांबायची. उपमा नाही, रूपक नाही, नुसती घरातल्या वस्तूंसारखी यादी: हे आहे, ते आहे, मी आहे. आणि शेवटच्या ओळीत एकदम नदीकाठ.

शांताबाईंनी बाईचं म्हणणं पुरुषाच्या तोंडी दिलं आणि नदीकाठ काढून टाकला. त्यांचा पुरुष वाळल्या फुलांत गंध शोधत बसतो. खरं सांगू? मला मूळची बाई जास्त आवडते. ती प्रेम संपलं म्हणून रडत नाही. घर ते घर आणि नदीकाठ तो नदीकाठ, एवढंच ती सांगते. तीस वर्षं संसार केलेल्या कुठल्याही बाईला विचार, तिला लगेच कळेल. पण बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, ते असं काही गायलंय की ऐकताना माझी तक्रार गळून पडते. त्यांचा प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येतो, कुठेही गळा काढलेला नाही. दुःख आवरून बोलणाऱ्या माणसासमोर आपणच जास्त हलतो.

आता मुख्य गाणं. ‘का रे दुरावा’. 1970 सालच्या ‘मुंबईचा जावई’मधलं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, आशाबाईंचा आवाज. मुंबईतली टीचभर जागा, त्यात भरलेलं घर आणि नव्या जोडप्याला दोन शब्द बोलायला कोपरा नाही, ही त्या सिनेमाची गोष्ट. पुढे बासू चटर्जींनी त्यावरूनच हिंदीत ‘पिया का घर’ केला. नवरा रुसलाय आणि ती त्याला विचारते, का रे हा दुरावा, का रे अबोला, माझा असा काय अपराध झाला? आशाबाई हे विचारताना अजिबात काकुळतीला येत नाहीत, ऐकून बघ. अपराध झालेला नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, आणि हा थोड्या वेळात विरघळणार हेही. आवाजात कुठेतरी हसू दडवलंय.

तुला वाटेल, यात एवढं काय? तर तो ‘रे’. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा दोन खोल्यांत आम्ही सात माणसं. तुझ्या बाबांशी दिवसभरात माझं बोलणं म्हणजे ‘पाणी तापलंय’ आणि ‘वाढू का?’ आजही मी त्यांना ‘अहो’च म्हणते, जिभेला दुसरं वळणच नाही. तुझ्या आजीनं तर उखाण्याशिवाय आजोबांचं नाव कधी घेतलं नाही. फळीवर रेडिओ असायचा, सांगली केंद्र लावलेलं. ‘का रे दुरावा’ लागलं की आजी भाकरी थापता थापता पिठाच्या हाताची करंगळी तेवढी पुढे करून आवाज वाढवायची आणि तव्यावरच्या भाकरीकडे बघत म्हणायची, ‘का रे अबोला’. बाहेर आजोबा पेपर वाचत बसलेले. त्यांच्या कानावर जात असणारच. पान मात्र उलटायचं नाही बराच वेळ.

जे बोलायची घरात सोय नव्हती ते गाण्याच्या आडून बोलता यायचं. उखाण्यात नाही का, नाव घ्यायला लाज वाटते म्हणून आधी चांदीच्या ताटाची किंवा मोगऱ्याच्या फुलाची ओळ पुढे करायची. गाणं तेच काम करतं. कवी म्हणाला, आशाबाई म्हणाल्या, मी कुठे काय म्हटलं? गाण्यात ‘अरे’ म्हटलं तर कुणी वाकडं बघत नाही. तुम्ही एकमेकांना पहिल्या दिवसापासून नावानं हाक मारता, छानच आहे. पण म्हणून तुम्हाला सगळं बोलता येतं असं मला दिसत नाही. मागच्या महिन्यात तुमचं बिनसलं होतं तेव्हा तूही दोन दिवस त्याला नुसती गाणीच पाठवत होतीस ना? मला कळतं सगळं.

‘ऐरणीच्या देवा’ यादीत घाल म्हटलं तर हसशील. ते तर देवाचं गाणं! 1965 सालचा भालजींचा ‘साधी माणसं’, म्हणजे आपल्या कोल्हापूरचंच. संगीत आनंदघन, म्हणजे टोपणनावानं खुद्द लताबाई. त्या गाण्यात प्रेमाचा शब्द शोधून सापडणार नाही. लोहाराची बायको ऐरणीला ठिणग्या वाहते आणि मागते काय, तर गरिबीचं लेणं चालेल, लोखंडाचे चणे चालतील, माझा धनी मात्र वाघासारखा असू दे. स्वतःसाठी काही मागितलंच नाही. याला प्रेमगीत म्हणायचं नाही तर कशाला? तरी रिसेप्शनला नको, केटररची पोरं ठेका धरतील. हळदीच्या दिवशी सकाळी घरी लावू.

तुझ्या यादीतलं ‘याड लागलं’ मात्र राहू दे. आत्या नाक मुरडेल, मुरडू दे. ‘सैराट’चा शेवट आठवला तर लग्नात वाजवायचं गाणं नव्हे ते, पण अजय-अतुलनी त्यात एक मोठं काम केलंय. एवढा थोरला पाश्चात्त्य वाद्यवृंद, त्याचं ध्वनिमुद्रण अमेरिकेत जाऊन केलेलं, आणि त्यावर बोली कुठली, तर करमाळ्याकडच्या पोराची. आमच्या भावगीतांतला प्रियकर नेहमी पुस्तकातल्यासारखा बोलायचा. चांदणं, तारका, यामिनी. शेतातनं आलेल्या पोरानं मनातलं सांगायला कुठल्या गाण्याची आड घ्यायची? लावण्या होत्या म्हणशील, पण तिथे बहुतेक बाईच बोलते. 2016 साली त्या पोराला त्याच्या भाषेत बोलता आलं. थिएटरात पोरं उठून नाचली ती नुसत्या ठेक्यावर नाही नाचली.

बाबांना विचारलं त्यांचं कुठलं. त्यांनी चष्मा पुसला, म्हणाले, ‘तू सांगशील ते.’ पण स्कूटर पुसताना ते कायम एकच गुणगुणतात, ‘शुक्रतारा मंद वारा’. पाडगावकर, श्रीनिवास खळे, आणि मूळचे इंदूरचे, कापडगिरणीच्या धंद्यातले इंजिनीअर अरुण दाते. सोबत सुधा मल्होत्रा, ज्यांची मातृभाषा मराठी नाही. खळ्यांची चाल ऐकायला सोपी, म्हणायला घेतली की दुसऱ्या ओळीलाच दम लागतो, म्हणून बाबा पहिल्या दोन ओळींवर अडतात.

यादीत सगळ्यात वर हे घाल. त्यात ती दोघंही गातात. तो म्हणतो, तू अशी जवळी रहा. मग ती म्हणते, मी कशी शब्दांत सांगू भावना माझ्या तुला, आणि नाही नाही म्हणत सांगून टाकते: तू असा जवळी रहा. दोघांचं मागणं एकच, दागिना नाही की वचन नाही. आजीला भाकरीशी बोलावं लागलं, इथे बाईला समोरासमोर उत्तर देता येतं.

एक कर, त्या साउंडवाल्या मुलाला बजावून ठेव. ही मंडळी एक कडवं झालं की पुढचं गाणं सुरू करतात. हे पूर्ण वाजू दे म्हणावं, तिचं उत्तर दुसऱ्या कडव्यात आहे.

तुझी,
आई

ता. क. उखाणा पाठ करून ये. आत्या सोडणार नाही.