पदवी पूर्ण करायला लावणाऱ्या मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

थायलंडमधील शाळेत इंग्रजी शिकवण्यासाठी लागणारा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा मला मिळाला आहे. ही बातमी आपणांस फोनवर कळवली असली, तरी आपले आभार चारचौघांसमक्ष मानावेत असे मनापासून वाटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

२०१६ च्या दुष्काळात, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले त्या वर्षी, माझे बी. ए. अर्धवट सुटले आणि मी स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये शिकवू लागलो. पुढे एका एजंटाने सांगितले, की परदेशात इंग्रजी शिकवायला पदवी लागत नाही. पर्यटक व्हिसावर जायचे आणि तिथे पोचल्यावर तो बदलून घ्यायचा. पैसे भरण्याआधी मी सल्ल्यासाठी आपल्याकडे आलो, तेव्हा आपण एकच प्रश्न विचारलात: "शाळा तुझ्या नावाने कोणता कागद काढणार आहे?" एजंटाकडे तर शाळेचे नावसुद्धा नव्हते.

त्या दुपारी आपण जे समजावून सांगितलेत, ते लातूर-उदगीरच्या प्रत्येक होतकरू मुलाला कुणीतरी सांगायला हवे. कायदेशीर व्हिसाची सुरुवात शाळेच्या नेमणूकपत्रापासून होते; त्या पत्राला पदवीचा आधार लागतो, आणि त्या पदवीवर आधी राज्य शासनाचे व नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन असावे लागते. व्हिसा म्हणजे केवळ त्या देशात शिरण्याची परवानगी. काम करण्याचा परवाना वेगळा असतो, तो ठरावीक मालकाशी बांधलेला असतो, आणि त्याच्याशिवाय काम करताना सापडल्यास थायलंडमध्ये ५,००० ते ५०,००० बाट दंड होऊन मायदेशी परत पाठवले जाते. पर्यटक व्हिसावर वर्गात उभे राहणे याचा अर्थ काय होतो, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने उमगले.

माझ्या आग्रहाखातर आपण इतर देशांचे नियमही धुंडाळलेत. दक्षिण कोरियात भाषाशिक्षकाचा ई-२ व्हिसा प्रामुख्याने सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांना मिळतो. भारतीयांसाठी २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया व्यापारकरारामुळे वाट आहे, पण तिथेही इंग्रजीतील पदवी आणि शिक्षकाचा परवाना लागतो. चीनमध्येही पदवीविना भागत नाही. हे सारे दाखवून झाल्यावर आपण शांतपणे म्हणालात, "तुझी पदवी थोडक्यात राहिली आहे, ती पूर्ण कर." मला हवे होते ते उत्तर न देता खरे उत्तर देणारे माणूस त्या वयात भेटणे, याला मी भाग्य समजतो. त्यानंतर नांदेडच्या विद्यापीठासाठी शिक्षणात पडलेल्या खंडाच्या प्रमाणपत्राचे काम, राहिलेले पेपर आणि १२० तासांचा टेफल (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा) अभ्यासक्रम, या सगळ्यात आपण पाठीशी होतात. घरच्यांना पटवून देण्याचे अवघड कामही आपणच केलेत, आणि या सगळ्याचा एक रुपयाही आपण घेतला नाहीत.

आणखी एका गोष्टीसाठी विशेष आभार. परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटाची नोंदणी १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार असावी लागते, ती परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते आणि त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक शुल्क घेता येत नाही, हे आपण दाखवून दिलेत. थायलंडमधील नोकरीच्या आमिषाने तरुणांना म्यानमारमध्ये नेले जात असल्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा २०२२ मधील इशाराही आपण मला वाचायला लावलात. तो वाचून माझ्या आईने आपल्याला हात जोडले होते, हे आपणांस आठवत असेल.

आता एक विनंती. आमच्या क्लासमधील दोन मुलींना अशाच 'पदवीशिवाय व्हिसा'चे आश्वासन मिळाले आहे. त्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत. येत्या रविवारी मी त्यांना पालकांसह आपल्याकडे पाठवत आहे. त्यांच्याकडे बारावीची गुणपत्रिका आणि एजंटाने दिलेला कागद असेल. मला विचारलात तोच प्रश्न कृपया त्यांनाही विचारावा.

आपला कृतज्ञ विद्यार्थी,
औसा, जि. लातूर