विशारद झालं, आता दीड तास ठेका धरा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की गाण्या-बजावण्याच्या क्लासच्या दारात पालक एकच प्रश्न घेऊन येतात: ‘मध्यमा झालीय, यातच करिअर केलं तर चालेल ना?’ प्रश्न रास्त आहे. त्यासोबत पुढे केलेला प्रमाणपत्राचा कागद मात्र त्याचं उत्तर देत नाही.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत (मध्यमा त्यांच्या मधली), त्यापुढे अलंकार. अभ्यासक्रम नीट रचलेला आहे, तक्रार त्याबद्दल नाही. पण दहावीला शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून नववीच्या आत जमतील तेवढ्या परीक्षा उरकण्याची घाई सुरू झाली. मग यमन रागाची बंदिश, आठ आलाप, आठ ताना असं सगळं वहीत लिहून पाठ केलं जातं. तीच बंदिश, पण मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, नवव्या मात्रेऐवजी सातवीवरून उचल म्हटलं की मूल गप्प होतं. मुलग्यांची आणखी एक अडचण असते. तेरा ते पंधरा या वयात आवाज फुटतो आणि नेमक्या त्याच वर्षांत परीक्षा असतात. वर्गात पेटी एक, मुलं वीस, त्यामुळे सगळे काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गातात. ज्याचा गळा काळी एककडे उतरलाय, तो ओढून गातो आणि घसा बसवून घेतो. त्या वर्षी परीक्षा पुढे ढकलली तर काही बिघडत नाही.

निर्णयाआधी घरीच एक चाचणी करून पाहावी. गाणाऱ्याने पेटी बंद ठेवायची, मोबाइलवर तानपुरा लावायचा, अर्धा तास एकच राग गायचा आणि लगेच रेकॉर्डिंग ऐकायचं. पेटी गळ्याबरोबर चालत असली की उतरलेला सूर ती झाकते. नुसत्या तानपुऱ्यावर तो उघडा पडतो. पहिली दहा मिनिटं बरी जातात, दम लागला की तार षड्ज, म्हणजे वरचा सा, कमी पडू लागतो.

तबलावाल्याने मेट्रोनोम (लय मोजणारं टिकटिक यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून त्रितालाचा साधा ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, दहा मिनिटं वाजवायचा. मध्ये सजावटीचा तुकडा नको, तिहाई नको. मग मेट्रोनोमचा आवाज बंद करून आणखी पाच मिनिटं वाजवायचं, पुन्हा आवाज सुरू करायचा आणि आपण कुठे पोहोचलो ते बघायचं. लय हमखास वाढलेली असते, कारण रोजचा रियाज कायद्यांचा आणि रेल्यांचा, म्हणजे बोलांच्या विस्ताराचा आणि वेगाचा, असतो. ठेक्याचा रियाज कुणी करत नाही. विलंबित एकतालात बारा मात्रांचे चार-चार भाग धरून ४८ मोजावे लागतात. पहिल्या दोन ‘धिं’नंतरची मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात. ती भरली की गायकाचा आलाप तुटतो. पुढच्या कार्यक्रमाला तो दुसऱ्याला बोलावतो आणि कारण काही सांगत नाही.

एवढं लिहायचं कारण म्हणजे पोट भरतं ते इथेच. ठाणे-नवी मुंबईत निव्वळ मैफलीच्या बिदागीवर संसार चालवणारे फारच थोडे. बाकीच्यांची मिळकत तुकड्यातुकड्यांनी येते: शिकवण्या, शाळा, भजन, नाट्यगीतांच्या कार्यक्रमांना साथ, रेकॉर्डिंग, कथकचा क्लास. कथकला पेटीवाल्याने सोळा मात्रांचा तोच नगमा (सुरावट) तासभर धरायचा असतो. कंटाळवाणं काम, पण दर आठवड्याला हातात पैसे येतात. तबलावाल्याकडे दोन-तीन पट्ट्यांचे तबले लागतात. एकच तबला सगळ्या पट्ट्यांना ताणत राहिलं की पुडी, म्हणजे तबल्यावरचं चामडं, फाटते. हंगामाचंही गणित आहे. पितृपक्षात फोन वाजत नाही. दिवाळीत सगळ्यांनाच माणूस हवा असतो, पण दिवाळी पहाट सगळीकडे पहाटेच असते, त्यामुळे चार दिवसांत कार्यक्रम चारच होतात. नोकरी सोडणाऱ्याने सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढल्याशिवाय राजीनामा देऊ नये.

प्रमाणपत्राचा उपयोग नाही असं नाही, पण कुठे आहे ते माहीत हवं. महाविद्यालयात शिकवायचं तर विशारद पुरत नाही, साधारणपणे संगीतात एम.ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. आकाशवाणीची श्रेणी ‘बी’, ‘बी हाय’, ‘ए’, ‘टॉप’ अशी चढत जाते आणि ती मिळवायला ऑडिशन द्यावी लागते. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे: वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. तिथेही समोर बसून गावं-वाजवावं लागतं. आमच्याकडच्या किती पालकांना ही शिष्यवृत्ती ठाऊक आहे, देव जाणे.

कागदाची खरी गरज आणखी एका ठिकाणी असते आणि तिथे मात्र आपली मंडळी संकोचतात. कार्यक्रम ठरला की बिदागी, वेळ, प्रवास, वाद्यांची ने-आण आणि चित्रीकरण यूट्यूबवर टाकणार का, हे निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं. मानधनातून बरेचदा १० टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापला जातो. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो, पण रिटर्नच न भरल्याने अनेकांचा तो तसाच पडून राहतो. चाल बांधणाऱ्यांनी ‘सर्व हक्क कायमचे दिले’ या ओळीने घाबरू नये. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर चित्रपटातल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा, चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून, करार करूनही काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. मात्र ती रॉयल्टी हाती पडायची तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व घेऊन प्रत्येक रचना नोंदवायला हवी. नोंद करायची राहून गेली की रॉयल्टी अडते.

आता महापालिकांकडे एक मागणी. ठाणे महापालिका पं. राम मराठे यांच्या नावाने महोत्सव भरवते, वाशीला भावे नाट्यगृह आहे, याचा आनंदच आहे. पण रियाज करायचा कुठे? वन बीएचकेत सकाळी सहाला तबला वाजवला की सोसायटीची नोटीस येते, आणि नोटीस देणाऱ्याचंही काही चुकत नाही. संध्याकाळी सातनंतर महापालिका शाळांचे बरेच वर्ग कुलूपबंद असतात. प्रत्येक प्रभागात त्यातले दोन वर्ग सात ते साडेनऊ माफक शुल्कात रियाजासाठी द्यावेत. महिन्यातून एकदा त्याच वर्गात चाळीस-पन्नास श्रोत्यांची बैठक होऊ द्यावी; नवख्याला मोठ्या नाट्यगृहाचं भाडं झेपत नाही. माइक नको, मंच नको. सतरंजी, दोन पंखे आणि कुलपाचं एक कोरडं कपाट मात्र हवं. पावसाळ्यात ओल धरली की पुड्या सैल पडतात आणि त्यांच्यावरची शाई (काळा गोल) सुटू लागते, म्हणून ते कपाट बाहेरच्या भिंतीला लागून नसावं.

आपले,
काही संगीतशिक्षक व साथीदार,
नौपाडा, ठाणे (प.)