ट्यूबा वाजवणाऱ्या न्यायमूर्तींना

आदरणीय न्यायमूर्ती अ‍ॅलन पेज यांना सादर नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मिनियापोलिसच्या मॅरेथॉनमध्ये तुमच्यासमोरून हजारो माणसं पळत जातात, त्यांतली मी एक. मूळची साताऱ्याची. ऑक्टोबरातली ती सकाळ बोचऱ्या थंडीची होती. बोटं बधिर झालेली, आणि सुरुवातीच्याच मैलांत ‘कशाला नाव दिलं’ असं वाटायला लागलेलं. तेवढ्यात ट्यूबा ऐकू आला. आमच्याकडे वरातीच्या बँडमध्ये खांद्यावर घेऊन वाजवतात, तसलंच मोठ्या तोंडाचं पितळी वाद्य. रस्त्याकडेला एक वयस्क गृहस्थ ते जीव ओतून वाजवत होते. शेजारून पळणाऱ्या बाई म्हणाल्या, “हे जस्टिस पेज!”

घरी आल्यावर तुमच्याविषयी मिळेल ते वाचून काढलं. ओहायोतल्या कँटनमध्ये अमेरिकन फुटबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचं सन्मान-दालन, उभं राहत होतं, तेव्हा पोरवयात तुम्ही त्या बांधकामावर काम केलंत. पुढे १९८८ साली त्याच वास्तूत तुमचा सन्मान झाला. १९६७ पासून तुम्ही मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघाचे डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावफळीतले खेळाडू. समोरची फळी फोडून क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या खेळाडूला, गाठायचं, हे तुमचं काम. १९७१ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून तुमची निवड झाली. बचावफळीतल्या खेळाडूला हा मान त्याआधी कधी मिळाला नव्हता. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, मात्र तुमचा संघ चार वेळा हरला. माझ्या मुलाला त्याचंच फार वाईट वाटतं.

मी मात्र अडकले ती दुसऱ्याच गोष्टीपाशी. व्हायकिंग्जमध्ये असताना तुम्ही पहिल्यांदा कायद्याच्या वर्गात गेलात आणि काही आठवड्यांतच तो सोडून दिलात. काही वर्षांनी पुन्हा गेलात, मिनेसोटा विद्यापीठात. इकडे सामने, तिकडे परीक्षा, असं करत १९७८ साली पदवी घेतलीत. आणि त्याच वर्षी संघानं तुम्हाला काढलं! तुमच्या पत्नी डायनताईंनी सिगारेट सोडण्यासाठी धावायला सुरुवात केली, त्यांच्यासोबत तुम्हीही धावू लागलात, वजन उतरलं, ते संघाला रुचलं नाही. शिकागो बेअर्स या दुसऱ्या संघानं तुम्हाला अवघ्या शंभर डॉलर्समध्ये घेतलं, आणि तुम्ही १९८१ पर्यंत खेळलात.

मीही नर्सिंगचा अभ्यासक्रम दोन महिन्यांत सोडला होता. रात्री गोदामात काम, सकाळी वर्ग, त्यात इंग्रजीतली शरीररचना. चाळिशीत हे झेपायचं नाही, असं मी घरात सांगून टाकलं होतं. पुस्तकं खोक्यात भरून ठेवली, पण टाकवली नाहीत. तुमचं वाचल्यावर महिनाभरानं ते खोकं उघडलं. ‘सोडलं’ आणि ‘संपलं’ यांत फरक असतो, हे मला तुमच्यामुळे कळलं. याबद्दल तुमचे मनापासून आभार.

आणखी एका गोष्टीबद्दल आभार मानायचेत. तुमच्या संघातल्या काही खेळाडूंना डावांची वहीसुद्धा नीट वाचता येत नव्हती, हे तुम्ही हॉल ऑफ फेमच्या भाषणात सांगितलंत. एवढे शिकले-सवरलेले म्हणवणारे गडी! मैदानावरच्या पराक्रमाबद्दल बोलायच्या दिवशी तुम्ही शिक्षणाबद्दल बोललात आणि त्याच वर्षी पेज एज्युकेशन फाउंडेशन उभं केलंत. शिष्यवृत्ती घेणाऱ्यानं लहान मुलांना अभ्यासात मदत करायची, ही तुमची अट मला फार आवडते. पुढे १९९३ पासून वयाची सत्तरी गाठेपर्यंत तुम्ही मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात होतात, तिथले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. तरी माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही येता ते काळ्या झग्यात नव्हे, ट्यूबा घेऊनच.

गेल्या मे महिन्यात माझा अभ्यासक्रम पूर्ण झाला. आता वृद्धाश्रमात रात्रपाळीला नर्स आहे. यंदाच्या मॅरेथॉनला नाव दिलंय. तुमच्यापाशी आले की थांबेन आणि समोर उभी राहून नमस्कार करेन. वेळ वाढला तर वाढू दे.

आपली कृतज्ञ,
साताऱ्याची एक धावपटू