आबांनी फुगा उडवायचाय

बोखुम, जर्मनी
रविवार, रात्र

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

आबांनाही नमस्कार सांग, पण पत्र आधी तू एकटीनं वाच. माझी पुण्याची मैत्रीण गावी निघालीय, तिच्याबरोबर पिशवी देतेय. चॉकलेटं दादाच्या चिंटूची, निळ्या डबीतलं यंत्र आबांचं. फोनवर सांगायला जावं तर आबा मध्येच फोन घेतात, "मला काय झालं नाही, तू जेवलीस का?" म्हणतात आणि विषय तिथंच संपतो. म्हणून लिहायला बसले. जेवते मी. रोज भात होतो, कांदा-लसूण चटणीची अर्धी बरणी अजून शिल्लक आहे. नाईट ड्यूटीचं तुला माहीतच आहे.

यंत्र म्हणजे पिपाणीएवढी नळी. दादाला ती मोबाइलला जोडून द्यायला सांग. पडद्यावर डोंगर दिसतात आणि एक मोठा फुगा. आबांनी नाकानं श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून नळीत सावकाश सोडायचा. श्वास सुटतोय तोवर फुगा डोंगरावरून तरंगत जातो. जोरात फुंकला तर ढगात अडकतो, मध्येच तुटला तर खाली येतो. गरम दुधावर आपण फुंकर घालतो ना, साय हलावी पण दूध सांडू नये, तशी फुंकर पाहिजे.

आबांची खरी अडचण श्वास सोडताना होते. इतकी वर्षं गुऱ्हाळातल्या चुलवाणाचा धूर खाऊन छातीतल्या नळ्या सुजल्यात, सैल पडल्यात. श्वास सोडताना त्या मिटतात, जुनी हवा आतच कोंडते, मग नव्या हवेला जागा कुठली? ओठ आवळून हळू सोडलं की आतून दाब राहतो आणि नळ्या उघड्या राहतात. घेताना मनात 2 मोजायचे, सोडताना 4. टीव्हीवर ठेवलेलं तीन गोळ्यांचं यंत्र वेगळं. त्यात हवा आत ओढायची असते. आबा त्यात फुंकतात, गोळ्या हलत नाहीत, मग चिडतात.

"म्हातारपणी मोबाइलवर खेळू काय?" असं ते म्हणणारच. त्यांना सांग, इथं जन्मापासून छातीत चिकट कफ साठणारी मुलं असतात. त्यांना हा व्यायाम रोज करावा लागतो, आयुष्यभर. नुसतं फुंकायला कुठलं पोर रोज तयार होईल? म्हणून हे खेळ निघाले. आणि माझ्या वॉर्डात एक आजोबा आहेत, कोळशाच्या खाणीत हयात गेलेले. या भागातली शेवटची खाण 2018 च्या डिसेंबरात बंद झाली, पण धूळ छातीत राहिली. पहिल्या दिवशी त्यांनी नळी माझ्या हातात परत दिली. काल फुगा तिसऱ्या डोंगरापलीकडं गेला तर मला हाक मारून बोलावलं आणि पडदा दाखवला. आई, मला तिथं उभं राहवेना. तसाच खोकला, तशाच जाड बोटांच्या पेरांत काळ्या रेषा.

या खेळानं फुप्फुस नवं होत नाही, हे मी आधीच सांगते. तोंडात ओढायचा औषधाचा पंप चालूच ठेवायचा. पंपाची सवय लागते म्हणून तो कपाटात ठेवायचा, हे शेजारच्या काकांचं ऐकू नका. सवय लागत नाही, आजार राहतो म्हणून औषध राहतं. फुंकताना गरगरलं तर थांबायचं, नेहमीसारखा श्वास घ्यायचा.

आता इथली एक गोष्ट सांगते, तुला पटायची नाही. बाहेर बर्फ पडत असला तरी ही माणसं दिवसातून दोन-तीनदा घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडतात. एखादी फट ठेवून चालत नाही, सताडच. आधी हीटर बंद, मग पाच-दहा मिनिटं वारं आरपार, मग सगळं परत बंद. माझ्या भाडेकरारातसुद्धा तसं लिहिलंय! मालकीणबाई पहिल्या आठवड्यात मला शिकवायलाच आल्या. मी स्वेटरवर शाल घेऊन कुडकुडत उभी, त्या घड्याळ बघत उभ्या. घरं इतकी घट्ट बांधलेली की आपल्या श्वासाची, शिजवण्याची, वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ भिंतीवर बसते आणि बुरशी धरते. ती छातीला वाईट. आता मीच न सांगता उघडते, आणि दर वेळी आपलं परडं डोळ्यांसमोर येतं. तू गॅस असून अंघोळीचं पाणी चुलीवर तापवतेस आणि आबा शेकायला तिथंच बसतात. "मी काय म्हणतो, गॅस कशाला जाळायचा," हे तुझं बोलणं मला पाठ आहे. पण चूल बंद कर गं, पाया पडते.

त्यासाठीच दादाच्या खात्यावर 50,000 टाकलेत. सोलर बसवा. कर्जाचा हप्ता वेगळा भरलाय, तेव्हा "स्वतःला काय ठेवलंस" असं विचारू नको. ठेवलंय. माझ्या नर्सिंगच्या फीसाठी आबांनी चार हंगाम चुलवाण सोडलं नाही. आता परक्या माणसांच्या छातीला मी स्टेथोस्कोप लावते आणि दिवाळीत आबांना दम लागला तेव्हा घरी नव्हते.

कागलच्या स्थळाला मी नाही म्हणत नाही. मुलाचा नंबर पाठव, मीच बोलते. नोकरी सोडणार नाही हे त्याला माझ्याच तोंडून कळू दे. फेब्रुवारीची सुट्टी मात्र मिळाली नाही, आता चैत्रात येते. रागावू नको. आल्यावर जोतिबाला गाडीनं जाऊ. पायऱ्यांवर पाय उचलताना श्वास सोडायचा, हे मी आबांना धरून शिकवीन.

तुझी,
मनी

ता. क. नळीचं तोंड रोज कोमट पाण्यानं धुऊन वाळव. चिंटूला ती फुंकू देऊ नको, त्याला वेगळं काहीतरी आणते.