माणसं हाच पाया, तर मग बसमध्ये जागा का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या उद्योग पुरवणीतली कारखानदारांची मुलाखत वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. कर्मचारी म्हणजे आमचं कुटुंब, असं त्यांनी सांगितलं आणि तुम्ही ते ठळक अक्षरांत छापलं. मोकळं वातावरण, वाढदिवसाचे केक, सहली, सगळं आलं. कंत्राटी कामगार हा शब्द मात्र अख्ख्या पानात एकदाही नाही. त्यांना वगळून कसलं कुटुंब?

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. आमच्या प्रेस शॉपमध्ये मराठवाड्याकडचा एक मुलगा होता. डाय, म्हणजे प्रेसचा साचा, चढवायला त्याच्याइतका भरवशाचा हात परमनंटमध्येही नव्हता. मशीन अडलं की ऑपरेटर त्यालाच हाक मारायचे. एकदा भर पावसात थर्ड शिफ्ट सुटली. कंपनीची बस निम्मी रिकामी. तो पायरीवर चढला तोच सिक्युरिटीवाल्याने त्याच्या गळ्यातल्या कार्डाची पट्टी बघितली आणि त्याला खाली उतरवलं. परमनंटची पट्टी निळी, ठेकेदाराच्या माणसांची पिवळी. रात्रभर एकाच प्रेसवर राबलेल्या दोघांतला एक खिडकीपाशी बसला, दुसरा डोक्यावर प्लास्टिकची पिशवी धरून हायवेकडे चालत गेला. मी एचआरला लेखी विचारलं. वाहतूक ही ठेकेदाराची जबाबदारी आहे, असं एका ओळीचं उत्तर आलं. त्या ओळीचा राग अजून गेलेला नाही.

पुढे त्याला ब्रेक दिला, म्हणजे मधेच कामावरून कमी केलं. परत आला तो दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर. मशीन तेच, काम तेच, नोकरी मात्र पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायची. ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षं अशा माणसाची भरायची कधी? सारख्या कामाला सारखं वेतन हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नियमांत लिहिलेलं होतं. आमच्या पगारपत्रकात ते कधी उतरलं नाही.

धंद्यात हे परवडत नाही, असं कुणी सांगू नये. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांची पाळी 1912 मध्ये आली आणि भविष्य निर्वाह निधी 1920 मध्ये. देशात त्या निधीचा कायदा व्हायला 1952 उजाडलं. आपल्याकडे किर्लोस्करवाडी 1910 मध्ये माळरानावर वसली, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्यांनाही विश्वासाने कामावर घेतलं. हे कारखाने बुडाले नाहीत.

माझी विनंती एवढीच, की यापुढे अशी मुलाखत छापताना तीन प्रश्न जरूर विचारा: कायम किती, कंत्राटी किती, आणि दोघांना बस आणि कॅन्टीन एकच आहे का? उत्तर दिलं नाही तर तसंही छापा. शक्य झालं तर गेटवर जाऊन एखाद्या पिवळ्या पट्टीवाल्याशीही बोला.

आणखी एक. त्या पानाच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत 'जाहिरात' असं छापलं होतं. भिंग घेतलं तेव्हा दिसलं. पैसे घेऊन छापलेला मजकूर असेल तर तो शब्द मथळ्याच्या वर, मथळ्याएवढाच मोठा हवा. आम्ही वाचक तुमचा अंक बातमी म्हणून विकत घेतो.

– एक निवृत्त सुपरवायझर, चिंचवड