रीफची दोरी किनाऱ्यावरच ओवून घ्या

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला शिडाच्या छोट्या होड्यांवरचा लेख वाचला. मुंबई बंदरात आणि आमच्या अलिबागच्या बाजूला तरुण मुलंमुली शीड हाताळायला शिकताहेत, याचा फार आनंद झाला. पण वारा चढला की शीड थोडं उतरवून लहान कसं करायचं, ज्याला रीफ घेणं म्हणतात, हे त्यात यायला हवं होतं.

गेल्या फेब्रुवारीत पुतण्याला घेऊन गेलो आणि एका केंद्राकडून बावीस फुटी होडी भाड्याने घेतली. शिडाला रीफच्या भोकांच्या दोन आडव्या ओळी होत्या, टोकाच्या कडीतून ओवायची मुख्य दोरी मात्र एकही ओवलेली नव्हती. विचारलं तर ‘लागत नाही हो काका’ म्हणाले. मी तसाच निघालो, ही माझी चूक. दुपारी उंदेरी बेटाच्या पुढे वायव्येचा वारा चढला. वाऱ्याचे बारा नॉटचे (तासाला इतके सागरी मैल) अठरा झाले, तर वेग दीडपट होतो; शिडावरचा दाब मात्र सव्वादोनपट. होडी इतकी कलली की काठावरून पाणी आत येऊ लागलं. शीड अर्धं उतरवलं, पुतण्याने बूमवर, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्यावर, ओणवं होऊन शिडाच्या मधल्या भोकांतल्या बारीक दोऱ्या करकचून आवळल्या, आणि पुन्हा वारा भरताच एका भोकापासून कापड टर्रकन फाटलं. त्या दोऱ्या खाली लोंबणारं कापड आवरून ठेवायला असतात. ताण घ्यायचा तो ओळीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाच्या, दोन मोठ्या कड्यांनी. शेवटी नुसत्या जिबवर, म्हणजे पुढच्या छोट्या शिडावर, किनारा गाठला.

शाळेत स्काउटमध्ये शिकवतात ती रीफ नॉट याच बारीक दोऱ्यांची गाठ. नावही तिथूनच आलं.

माझ्या होडीवर सहा मिलिमीटरची, न ताणणारी पॉलिस्टरची दोरी आहे. तिचं एक टोक मागच्या कडीच्या खाली बूमभोवती बोलाइनने, म्हणजे न सरकणाऱ्या फासाच्या गाठीने, बांधलंय. तिथून दोरी वर कडीत, कडीतून पलीकडे खाली, बूमच्या अंगाला बसवलेल्या कप्पीत, आणि मग पुढे डोलकाठीजवळच्या क्लीटवर, म्हणजे दोरी अडकवायच्या खुंटीवर. रीफ घेतल्यावर कडी जिथे येते, त्याच्या चार बोटं मागे कप्पी हवी, म्हणजे दोरी शीड खालीही ओढते आणि मागेही. नुसतं खाली ओढलं तर शिडाला पोट सुटतं, आणि पोट सुटलेलं शीड होडीला आणखी कलवतं. हॅलयार्डवर, म्हणजे शीड वर चढवायच्या दोरीवर, रंगीत दोऱ्याची खूण आहे. शीट, म्हणजे बूम आत-बाहेर करायची दोरी, ढिली करायची, हॅलयार्ड खुणेपर्यंत सोडायचा, पुढची कडी बूमच्या डोलकाठीकडच्या आकड्यात अडकवायची, हॅलयार्ड ताठ करायचा, आणि मगच मागची दोरी खेचायची. ती आधी खेचली तर शिडाची डोलकाठीलगतची कड कधीच ताठ होत नाही.

माझे वडील मचव्यावर, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीवर, होते. आभाळाचा रंग बदलला की मोठं शीड उतरवून धाकटं चढवायचे, हात मोकळे असतानाच.

होड्या भाड्याने देणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की निदान पहिल्या रीफची दोरी ओवल्याशिवाय होडी सोडू नका, आणि प्रत्येक शिकणाऱ्याला नांगरावरच दोनदा रीफ घ्यायला लावा. एका होडीला अर्धा तास पुरतो. पावसाळा सरला की होड्या पुन्हा पाण्यात उतरतील. त्याआधी हे पत्र छापलंत तर उपकार होतील.

— एक वाचक, थळ (ता. अलिबाग)