सेटलमेंटच्या एसएमएसबाबत सूचना

सभासदहो, नमस्कार.

‘तुमचा डेटा फुटला होता, भरपाई मंजूर झाली आहे, लगेच क्लेम करा’ असे एसएमएस अमेरिकेतल्या आपल्या काही सभासदांना येत आहेत. अडचण अशी की सगळेच खोटे नसतात. लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या अमेरिकन कंपनीतून २०१७ साली सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि त्या खटल्यातल्या २०१९ च्या तडजोडीतून (म्हणजे सेटलमेंटमधून) लोकांना खरोखर पैसे मिळाले. याच भरवशाचा फायदा भामटे घेतात.

परवा एका काकूंनी फोन दाखवला. ‘१२ तास उरले’ आणि खाली लिंक. उघडली तर बँकेचा पासवर्ड मागत होती. नशीब, त्यांनी आधी विचारलं.

एसएमएसमधल्या लिंकला हात लावू नका. कंपनीचं नाव टाकून स्वतः शोधा. खऱ्या प्रकरणात कोर्ट, खटल्याचं नाव आणि क्लेमची मुदत स्पष्ट दिलेली असते. टपालाने नोटीस आली असेल तर तीही ताडून पाहा. क्लेम करायला फी कधीच लागत नाही. ‘प्रोसेसिंग फी’ मागितली तर तो एसएमएस खोटाच समजा.

संशयास्पद एसएमएस ७७२६ वर, म्हणजे अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्यांच्या तक्रार क्रमांकावर, फॉरवर्ड करा. भारतातून आलेल्या आईबाबांनाही आज हे जरूर सांगा. शंका असेल तर इथे स्क्रीनशॉट टाका, आपण मिळून पाहू.